लाल गेल्यावर

"गेला! इंद्रजित गेला!" लतीफ मास्तर ओरडतच खुर्चीतून उठले. आत भाकऱ्या थापत बसलेल्या नूरजहाँच्या हातातली भाकरी परातीतच फाटली.

"या अल्ला! कदी? सकाळी तर धडधाकट दिसला की एसटी स्टँडवर!"

"तो न्हाई गं. ह्यो." मास्तरांनी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. नकाशावरचा लाल किल्ला जळत होता. तो पुरता विझेपर्यंत मास्तरांनी डोळे भरून पाहिलं, मग कॉम्प्युटर बंद केला आणि हात धुऊन जेवायला बसले.

खेळ किल्ले बांधण्याचा आणि फौजा पोसण्याचा. मेव्हण्यानं पुण्याहून सानियाच्या अभ्यासासाठी जुना कॉम्प्युटर पाठवला, त्यातच तो आला. लेक कॉलेजला गेली की दुपारी वडील खेळायला बसत. समोरचे शत्रू कॉम्प्युटरच खेळवायचा. एकापासून सातापर्यंत किती घ्यायचे ते आधी आपण ठरवायचं. त्यातल्या लाल शत्रूला मास्तरांनी इंद्रजित हे नाव दिलं होतं.

खरा इंद्रजित मास्तरांचाच विद्यार्थी. भोरात एका भाड्याच्या माडीवर मास्तरांची टायपिंग इन्स्टिट्यूट वीस वर्षांची. तिथंच बोटं बडवून तो शिकला आणि २००१ साली बरोबर समोरच्या माडीवर त्यानं कॉम्प्युटर क्लास काढला. काढो बापडा! पण उद्घाटनाला त्यानं मास्तरांनाच पाहुणे म्हणून बोलावलं. दारात एक जुना टाइपरायटर मांडला होता. मेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात तसा त्याला चंदनाचा हार, पुढे उदबत्ती. लोक पोट धरधरून हसले. मास्तरही हसले, चारचौघांत दुसरं करणार काय? घरी येऊन मात्र ते नूरजहाँला म्हणाले, "ह्याचा क्लास बंद पाडल्याबिगर म्या डोळं मिटणार न्हाई."

बोलायला काय जातं? पोरं समोरचाच जिना चढत राहिली.

पडद्यावरही तीच गत. सुरुवातीला मास्तर एकच शत्रू घेत. एकाशी लढणं सोपं, असं कुणालाही वाटेल. पण तो एकटा लाल अर्ध्या तासात सगळी फौज घेऊन यायचा आणि मास्तरांचा धुव्वा उडवायचा. महिनाभर मास्तरांनी नुसता मार खाल्ला. शेवटी शेजारी डाळ निवडत बसलेल्या नूरजहाँला राहवलं नाही.

"जास्ती घ्या की दुश्मन."

"एकाला पुरा पडंना, साताला कुठनं पडू?"

"तुमास्नी काय कळतंय! मला आदी एकच जाऊ व्हती. दिसभर माज्याच मुळावर. धाकट्या दोगी आल्या आन् तिगी आपसात भांडाय लागल्या. तवा कुठं मला जेवाण गोड लागलं."

मास्तरांनी सात घेतले. आणि काय सांगावं! हिरवा निळ्यावर धावला, पिवळा लालवर. मास्तरांकडे बघायला कुणाला सवडच नाही. ते आपले कोपऱ्यात तट बांधत बसले, आणि आज लालचा काटा दुसऱ्यांनीच काढला.

जेवता जेवता मास्तरांच्या डोक्यात किडा वळवळला. दुसऱ्या दिवशी ते झेरॉक्सवाल्या ज्ञानूकडे गेले. "ज्ञानू, वरची खोली मोकळीच हाय की. कॉम्प्युटर मांड." मग स्टँडजवळच्या अल्ताफला गाठलं, त्यालाही तेच सुचवलं. दोघांचे परवानगीचे अर्ज मास्तरांनी स्वतः टाइप करून दिले, तहसीलला हेलपाटेही घातले. मास्तरांना म्हातारचळ लागला म्हणून गाव हसलं. एक शत्रू काय कमी होता? मास्तर मिशीतल्या मिशीत हसत.

वर्षभरात रंग भरला. ज्ञानूनं पोरांना फुकट दप्तर दिलं. अल्ताफनं पार नसरापूरपर्यंत भोंगा लावून रिक्षा फिरवली आणि इंद्रजितचे दोन्ही शिक्षक फोडले. इंद्रजित रोज सकाळी उठून या दोघांच्या जाहिराती फाडायचा, तोवर हे दोघं त्याच्या फाडून जायचे. मास्तरांच्या माडीकडे कोण बघतो? कारकुनाच्या नोकरीला टायपिंगचं सर्टिफिकेट अजून लागत होतं, त्यामुळे हिर्डोशीकडची पोरं मास्तरांकडे येतच राहिली. मास्तर चहाचा कप घेऊन खिडकीत उभे राहत आणि मजा बघत.

२००५ च्या उन्हाळ्यात इंद्रजितचा बोर्ड उतरला. मास्तरांनी पेढे आणले. नूरजहाँनं हात पुढे केला नाही.

"कुनाचं दुकान बंद पडल्याचा पेढा माज्या घशाखाली जायाचा न्हाई."

मास्तरांनी तिच्या वाटणीचाही खाल्ला.

पण एक गोष्ट त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. लाल मेला की ते कॉम्प्युटर बंद करायचे. बाकीचे सहा पुढे काय करतात, सगळ्यांना गिळून शेवटी उरतो तो कसा असतो, हे बघायची त्यांना कधी गरजच वाटली नाही. सूड उगवला की खेळ संपला.

भोरात शेवटी उरला तो अल्ताफ. ज्ञानूनंही दिवाळीला हात टेकले. दोघांचेही कॉम्प्युटर अल्ताफनं उचलले. आता त्याला भांडायला कुणी राहिलं नाही आणि जागा पुरेना. एके दिवशी तो मास्तरांचा जिना चढून आला आणि आधी पायाच पडला.

"मास्तर, राग मानू नका. मालकांनी ही माडी मला दिली. म्हैनाभरात मोकळी करा. ह्या धंद्यात तुमीच मला घातलं, तुमचं उपकार लई हायेत."

मास्तरांना त्याला शिवीही देता येईना. कुठल्या तोंडानं देणार?

माडी सोडायच्या दिवशी टेबलं, खुर्च्या आणि पाच मशिनी खाली टेम्पोत चढल्या. शेवटची मशीन तेवढी जमिनीवर होती. तेवढ्यात दारात इंद्रजित येऊन उभा राहिला. गाल बसलेले, हातात नोकरीच्या जाहिरातीचं कात्रण.

"सर, क्लार्कच्या जागा निघाल्यात. माज्याकडं तीसच्या स्पीडचं सर्टिफिकेट हाय, त्यांना चाळीसचं पायजे. वयाचं हे शेवटचं वर्स. शिकवाल का?"

चार वर्षं मास्तरांनी एक वाक्य घोळवून ठेवलं होतं. ते त्यांनी सावकाश, एकेक शब्द तोलून म्हटलं. "मेलेल्या मशिनीवर शिकाय आलास व्हय रं?"

इंद्रजितची मान खाली गेली. "चुकलं, सर."

मास्तरांचा जीव थंड झाला. अगदी मनापासून झाला. पण कपातला चहा निवायला लागतो तेवढा वेळही तो आनंद टिकला नाही. समोर रिकामी खोली होती आणि भिंतीवर खुर्च्यांच्या पाठी घासल्याच्या खुणा.

"हिरवा आन् पिवळा बी दिसत हुते मला, म्या नुसता लालच बघत बसलो," मास्तर पुटपुटले. इंद्रजितला काही कळलं नाही.

"काय सर?"

"काय न्हाई. बस."

खुर्ची नव्हतीच. इंद्रजित मशिनीपुढे मांडी घालून बसला. मास्तरांनी खिशातून तांबडी पेन्सिल काढली. खटखट सुरू झाली. बोटं अडखळत होती, दोन दोन अक्षरं एकमेकांवर चढत होती. खाली टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला.

"ओ मास्तर! कवाधरनं थांबलोय!"

"थांब जरा," मास्तरांनी खिडकीतून सांगितलं. "क्लास चालू हाय."

त्यांनी कागद ओढून काढला, एकेका चुकीला गोल केला आणि दुसरा कागद मशिनीत चढवला.

"पुन्हा. बोटांकडं बघायचं न्हाई."