मनकर्णेचं तोंड

मनकर्णेच्या तोंडाला अख्खी वस्ती वचकून असायची. घोडेगावपासून कोसाभरावर, औरंगाबादच्या रस्त्याकडेला त्यांचा मळा होता. तिथून तिनं कुणाला हाक मारली की रस्त्यावरचे गाडीवान माना वळवून बघायचे. नवरा रंगनाथ अगदी उलटा. कुणी काही मागितलं तर त्याच्या तोंडून 'न्हाई' म्हणून निघायचं नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा धाकटा दीर सहादेव अंगणात नागडा हिंडत होता. त्याला तिनंच न्हाऊमाखू घालून वाढवला. आता त्याला मिशा फुटल्या तरी ती त्याला सहादूच म्हणायची आणि चारचौघांत झाडायचीही.

लढाई संपून वर्ष झालं असेल, त्या साली तिच्या हिरड्या नासल्या. खालच्या दातांच्या मुळाशी पू धरला. सकाळी चूळ भरली की पाणी लाल. भाकरी चावेना, आणि तोंडाला असा वास सुटला की शेजारची बाई बोलताना हळूच पदर नाकाशी नेई. मनकर्णेला ते दिसायचं आणि अंगाची आग व्हायची.

"वयनी, नगरला माळीवाड्यात सुमंत डाक्टर हाय," एक दिवस सहादेव म्हणाला. "दातांचाच डाक्टर. मी नेतो तुमाला."

तिला भरून आलं. नवऱ्याला सुचलं नाही ते ह्या पोराला सुचलं, असं तिनं नणंदेला, बनुबाईला, दोनदा बोलून दाखवलं.

कोळशावर चालणाऱ्या मोटारीत धक्के खात दोघं नगरला गेली. सुमंत डॉक्टरांनी चिमट्यानं ओठ बाजूला करून बघितलं, दातांवरचं किटण खरवडून काढलं आणि म्हणाले, "बाई, हिरड्या कापाव्या लागतील. सडलेला भाग काढला नाही तर वर्षाच्या आत सगळे दात हातात येतील. पण आधी पंधरा दिवस मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा. आणि मिशरी बंद."

"मिशरी बंद? मंग तोंड कशानं धुवायचं?"

"मिठानं. मिशरी लावून आलात तर मी हात लावणार नाही."

ते पंधरा दिवस घरात कुणाला सुखाचे गेले नाहीत. न्हाण आल्यापासून तव्यावर तंबाखू भाजून मिशरी लावणारी बाई ती. हात सारखा कोनाड्यातल्या डबीकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. तिनं कोंबड्यांना शिव्या दिल्या, मोटेच्या नाड्याला दिल्या, चुलीला दिल्या. रंगनाथ जेवून लगेच शेतात निघून जायचा. पण डबीला तिनं बोट लावलं नाही.

सोमवारी कापलं. खुर्चीत मान मागं टाकून बसवलं, हिरडीत सुई टोचली तेव्हा तिनं खुर्चीचा हात असा धरला की डॉक्टर म्हणाले, "बाई, खुर्ची मोडेल." मग ओठ, हनुवटी सगळं लाकूड झालं. दुखत नव्हतं, पण कापल्याचा कचकच आवाज थेट कानात येत होता. रक्तानं भिजलेले कापसाचे बोळे पितळेच्या वाटीत पडत होते. शेवटी डॉक्टरांनी लवंगेच्या तेलाचा वास येणारा लेप दातांवरून थापून बसवला आणि जबड्याला फडकं बांधलं.

"थंड पेज, दूध, बाकी काही नाही. आणि बोलायचं नाही. तोंड हललं की लेप निघणार, लेप निघाला की रक्त."

"न्हाई बोलायचं म्हंजी किती दिस?" सहादेवनं विचारलं.

"आठ. पुढच्या सोमवारी मी लेप काढणार."

"म्हंजी शुक्रवार धरून?"

"शुक्रवारी काय आहे?"

"काय न्हाई. आपलं इचारलं."

मनकर्णेचं तेव्हा कशातच लक्ष नव्हतं.

सुईचा अंमल उतरला आणि जबड्यात निखारे ठेवल्यासारखं झालं. मंगळवारी तोंड सुजून एका बाजूला ओढलं गेलं. बनुबाई पळीनं पेज घालायची, निम्मी फडक्यावर सांडायची. मनकर्णा हातवारे करून काही सांगायची, तर बनुबाई पाणी मागितलं म्हणून तांब्या आणायची. बुधवारी ती अंथरुणावर पडली होती, तेव्हा रंगनाथ ओट्यावर बसून बहिणीला म्हणाला, "घर कसं निवांत वाटतंय, न्हाई?"

त्यानं ते वाईट मनानं म्हटलं नव्हतं. पण आत तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दुखण्याचं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सूज जरा ओसरली. ती उठून बाहेर आली आणि तिला गोठ्यात काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. घुंगरं वाजत नव्हती. दोन्ही खोंडांची दावी खुंट्याला नुसतीच लोंबत होती.

ती खोंडं तिची होती. तिच्या माहेरून आलेल्या गाईची. धाकटं पितं असतानाच गाय मेली. मग मनकर्णेनं दुधात चिंधी बुडवून ते जगवलं होतं, रात्री थंडीत त्याच्यावर स्वतःची वाकळ टाकली होती. औंदा दोघं मोटेला जुंपायची, असं तिनं दिवाळीतच ठरवलं होतं.

तिनं बनुबाईला दंडाला धरून गोठ्याकडे ओढलं आणि खुंट्याकडे बोट केलं.

"मला का इचारती?" बनुबाई रडकुंडीला आली. "रंगनाथच म्हनला, तिला सांगू नगंस. घोडेगावच्या बाजारात नेल्यात. सहादूला टांग्याची घोडी घ्यायचीया. तू बोलती आसतीस तर त्येची काय हिंमत हुती? सहादूच म्हनला, ह्या शुक्रवारी वयनीला बोलायचं न्हाई, तवाच उरकून घिऊ."

मनकर्णा खुंट्याशी तशीच उभी राहिली. नगरची मोटार, 'मी नेतो तुमाला' म्हणणं, शुक्रवार धरून का म्हणून विचारणं, सगळं एकावर एक येऊन बसलं. दिराचा राग आलाच. पण त्या रागाच्या खाली दुसरा होता, आणि तो मोठा होता. रंगनाथला ठाऊक होतं. तिच्या सुजल्या तोंडाकडे बघत तो रोज शेजारी येऊन बसला होता आणि त्याला ठाऊक होतं.

तिनं पदर खोचला आणि घोडेगावची वाट धरली. उन्हानं जबडा ठणकत होता. प्रत्येक पावलाला दात हलतायत असं वाटत होतं. ती कुठंही थांबली नाही.

बाजार ऐन रंगात होता. बैल, गाई, म्हशी, धूळ. फडकं बांधलेली बाई बघून लोक बाजूला होत होते. लिंबाखाली तिला खोंडं दिसली. दलाल सूर्यभान जवळ उभा. सहादेव आणि श्रीगोंद्याकडचे एक जाडजूड ऊसवाले आप्पासाहेब समोरासमोर उभे, दोघांचे हात एका उपरण्याखाली. बोटांनी सौदा चालला होता. रंगनाथ कासरा धरून जरा मागं उभा होता.

सहादेवनं तिला बघितलं, क्षणभर चपापला, मग हसला. "वयनी, तुमी कशाला आला? डाक्टरनं बोलायचं न्हाई म्हनून सांगितलंय ना?" आणि आप्पासाहेबांकडे वळून, "दात दुखत्यात तिचं. डोकं ठिकानावर न्हाई."

दोघेतिघे हसले. रंगनाथनं मान खाली घातली.

मनकर्णा पुढं झाली आणि तिनं उपरणं ओढून काढलं. झाकलेला सौदा भर बाजारात उघडा पडला. सहादेवची बोटं आप्पासाहेबांच्या मुठीत तशीच राहिली. असं घोडेगावच्या बाजारात कुणी कधी केलं नव्हतं, बाईनं तर नाहीच. सूर्यभान दलाल ओरडला, "ए बाई! कुनाची हाय ही? आवरा हिला!"

"थांब," आप्पासाहेब म्हणाले. त्यांनी हात सोडवून घेतला आणि रंगनाथला विचारलं, "पाव्हणं, जनावरं कुनाची?"

रंगनाथनं सहादेवकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, खोंडांकडे बघितलं. मग तो हातातल्या कासऱ्याला पीळ घालत राहिला.

तेव्हा मनकर्णेनं जबड्यावरचं फडकं खाली ओढलं.

"माजी हायेत! माज्या गाईची! ह्यांच्यातल्या कुनी एक मूठ वैरन घातली आसंल तर पुढं येऊन सांगा!"

शेवटच्या शब्दाबरोबर लेपाचा तुकडा धुळीत पडला आणि रक्त हनुवटीवरून चोळीवर आलं. ती तोंड पुसायलाही थांबली नाही. तिनं रंगनाथच्या हातातला कासरा हिसकावून घेतला.

आप्पासाहेबांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. "ज्या घरात भांडान, त्या घरचं जनावर मी घेत न्हाई," म्हणाले आणि दुसऱ्या दावणीकडे चालते झाले.

खोंडं घेऊन ती परत चालत आली. रंगनाथ मागं दहा पावलांवर येत होता. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तोच तिला नगरला घेऊन गेला. डॉक्टर भडकले. "मी तुम्हाला काय सांगितलं होतं? अशी काय आग लागली होती बोलायला?" मनकर्णेनं नवऱ्याकडे बोट केलं. रंगनाथ टोपी हातात घेऊन उभा राहिला. डॉक्टरांनी पुन्हा साफ केलं. ह्या वेळी ते पहिल्यापेक्षा जास्त दुखलं. त्यांनी नवा लेप बसवला.

जखम भरायला महिना गेला. हिरड्या घट्ट झाल्या, वास गेला, दोन दात मात्र गेले ते गेलेच. मिशरीची डबी तिनं चुलीत टाकली. ती बनुबाईशी बोलू लागली, खोंडांशी बोलू लागली. सहादूला तर तिनं एका संध्याकाळी असं धुतलं की तो दोन दिवस घरी जेवायला आला नाही. रंगनाथशी मात्र एक शब्द नाही. ताट समोर ठेवायची आणि उठून जायची.

शेवटी एका दुपारी तो ताटावरून म्हणाला, "आगं, आता तरी बोल की. शिव्या दे, पन बोल."

ती उंबऱ्यात थांबली.

"सहादूला मी वाढवलाय, त्येचे कान मी धरीन. तुमच्यावर काय बोलू? माजं तोंड बांधलेलं बघून तुमाला बरं वाटलं. घर निवांत झालं. आन् बाजारात त्या मानसानं जनावरं कुनाची म्हनून इचारलं, तर तुमाला माजं नाव घिता आलं न्हाई. तुमच्या हिरड्या तर कुनी कापल्या नव्हत्या!"

रंगनाथनं हातातला घास ताटात ठेवला. मग ताट तसंच सारून उठला. ओट्यावर सहादेव बिडी ओढत बसला होता.

"सहादू," आतून तिला ऐकू आलं, "खोंडांना हितनं पुढं हात लावायचा न्हाई. ती... ती तुज्या वयनीची हायेत."

आवाज इतका बारीक होता की ओट्याच्या खालीही पोचला नसता.

"मोठ्यानं सांगा!" मनकर्णा आतून ओरडली.