दसऱ्याचा नारळ

सकाळी साडेनऊला वाडीच्या कापूस गोदामात बॅटरीवर चालणारी फोर्कलिफ्ट दाराच्या उंबऱ्यावर बंद पडली. पुढच्या पात्यांवर रुईची गाठ अधांतरी होती. महिना डिसेंबर १९८६.

चालक रुपराव खाली उतरले, पुन्हा चढले, चावी फिरवली. मशीन सुरू. दसऱ्यानंतर हे अधूनमधून होतच होते.

"काहून गा रुपराव," गोदामाचे मॅनेजर मधुकरराव म्हणाले, "मशीनलेही बिडीची तलफ येते का?"

"साहेब, मी मुद्दाम नाही करून राहिलो."

"मग कोण करून राहिला? आज दोष नाही सापडला तर उद्यापासून तू हमालीत."

हमालीत कंबर गेली म्हणूनच रुपरावांना ही सीट मिळाली होती.

शहरातून मेकॅनिक गिरिधर आला. उभ्या मशीनवर मीटर लावला, बॅटरी भरलेली दिसली. मधुकररावांनी रुपरावांकडे पाहिले. गिरिधरने मात्र मीटर तसाच जोडून ठेवला आणि म्हणाला, "रुपरावभाऊ, गाठ घेऊन उंबऱ्यावरून चला." चाक आदळले, मीटरचा काटा खाली पडला, मशीन थांबली.

"बॅटरीत दोष नाही. करंट वाटेतच अडून राहिला."

सीटखालचे झाकण उघडून त्याने बॅटरीचा मोठा प्लग सोडवला. आतल्या तांब्यावर गंजाची हिरवी पूड साचली होती, कडेला कुंकवाचा वाळलेला थर.

"इथं कुंकू कसं गा?"

रुपराव गाठींकडे पाहत राहिले. उत्तर हमाल धोंडबाने दिले. "दसऱ्याले पूजा झाली ना. महाराज म्हणे नारळ फरशीवर फोडा. साहेब म्हणे, जिथं शक्ती तिथं फोडा. झाकण उघडून सारं पाणी बॅटरीवर!"

हमाल हसले. क्षणभराने मधुकररावही हसले. "म्हणजे मशीनले प्रसाद पचला नाही."

गिरिधरने तांबे घासून चकचकीत केले, प्लग घट्ट बसवला. रुपरावांनी गाठ उचलून उंबरा ओलांडला, वळून पुन्हा ओलांडला. मशीन थांबली नाही. त्यांनी टोपी काढून कपाळ पुसले, आणि धोंडबाने न मागता त्यांच्यासाठी चहा आणला.

"प्लग झिजला आहे, नवा मुंबईहून मागवा," गिरिधर जाताना म्हणाला. "तोवर चालेल असं वाटते. खात्री नाही देत."

गोदाम बंद होईपर्यंत मशीन पुन्हा थांबली नव्हती. सकाळचे बोलणे मधुकररावांनी मागे घेतले नव्हते. चावी रुपरावांच्या खिशात होती आणि ती कोणी मागितली नव्हती.