भिंगरीच्या गोळ्या आणि आजोबांचा खोकला

वाढत्या वयाच्या मुलांचे कपडे दरवर्षी तोकडे होतात, ही तक्रार कोणत्या आईने केलेली नाही? भिंगरीच्या आईवर मात्र यंदा ती वेळ आली नाही. गेल्या वर्षी शिवलेला निळा फ्रॉक तिने कपाटातून काढला, लेकीच्या अंगात चढवला, तर तो अगदी मापात बसला. "बरं झालं, एक शिवण वाचली!" असं म्हणत ती पुन्हा मशीनवर बसली.

बाई हाताने कुशल. अर्ध्या वस्तीची मापं तिच्या वहीत होती. कोणाची कंबर किती सुटली, हे त्या माणसाच्या आधी तिला कळायचं. पण घरातल्या पाच वर्षांच्या पोरीचं माप वर्षभर जागचं हललं नाही, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही. ते आणून दिलं आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी. त्या आपला गणवेश कंबरेत सैल करून घ्यायला आल्या होत्या.

"सिस्टर, यंदा चांगली दोन बोटं सोडावी लागणार."

"हळू बोल गं! सगळ्या वस्तीला ऐकवतेस का?" सिस्टर हसल्या आणि त्यांची नजर कोपऱ्यात बसलेल्या भिंगरीकडे गेली. दिवसभर घरभर गरगरणारी म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं होतं. आज मात्र ती कापडाच्या चिंध्यांवर डोकं टेकून पडली होती.

"हिचा हा फ्रॉक मी मागच्या वर्षी पाहिलाय ना?"

"तोच हा. अजून नवाच्या नवा बसतोय बघा!"

"म्हणजे वर्षात पोर वाढलीच नाही?"

मशीन थांबलं. मग एकेक प्रश्न आला. जेवते का? अर्ध्यावर ताट सारते. ताप? संध्याकाळी अंग कोमट लागतं. खोकला? असेल तीन आठवडे.

"ती जात्याच किरकोळ आहे हो, सिस्टर."

"किरकोळ असणं वेगळं आणि वाढ थांबणं वेगळं. उद्या सकाळी उपाशीपोटी तिला केंद्रात घेऊन ये. मी वाट बघते."

केंद्रात वजन झालं, हातावर बारीक सुई टोचली, छातीचा फोटो निघाला. लहान मुलं कफ थुंकत नाहीत, गिळून टाकतात. म्हणून नाकातून पातळ नळी घालून पोटातलं पाणी तपासायला घेतलं. भिंगरीने असा काही सूर लावला की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली! चार दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं, "क्षयरोग आहे. पण वेळेत सापडलाय. सरकारी कार्यक्रमातून औषधं मोफत मिळतील. सहा महिने एकही दिवस न चुकवता घ्यायची. पोरगी ठणठणीत बरी होईल."

आईच्या कानात मात्र पहिला शब्द तेवढा शिरला. घरी येईपर्यंत तिने मनाशी पक्कं ठरवून टाकलं. नवऱ्याला, जो विजेच्या खांबांवर चढून तारा दुरुस्त करायचा, तिने दाराआड गाठून सांगितलं, "अहो, कोणाला कळता कामा नये. विचारलं तर साधा ताप म्हणायचं. लोकांना कळलं तर माझ्याकडे कपडे टाकेल का कोणी?" नवऱ्याने मान हलवली. त्या दिवसापासून भिंगरीचं ताट वेगळं, पेला वेगळा, बालवाडी बंद.

"मी काय केलं?" भिंगरीने विचारलं. आईने तिचा पेला कोनाड्यात ठेवला आणि ती पुन्हा मशीनवर बसली.

आठवड्याने सिस्टर घरी आल्या. कोनाड्यात एकटं ठेवलेलं छोटं ताट त्यांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे काय? ताटावाटीतून, कपड्यातून क्षय पसरत नाही. तो पसरतो मोठ्या माणसाच्या खोकल्यातून, हवेतून. एवढ्याशा पोरीपासून बहुधा कोणाला काही होत नाही. उलट तिलाच कोणीतरी दिलाय. बहुतेक वेळा तो माणूस घरातलाच असतो. सांगा, घरात कोणाला जुना खोकला आहे?"

"कोणाला नाही," आई म्हणाली. नवरा म्हणाला, "कोणालाच नाही." आणि खुर्चीत बसलेले आजोबा घाईघाईने वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले.

"आहे की!" भिंगरी ओरडली. "आजोबांचा हॉर्न! तो तर माझ्या आधीपासून वाजतोय!"

आजोबा निवृत्त बसचालक. मोठ्या आवाजाचा, मोठ्या हसण्याचा माणूस. मुलगा कामावर आणि सून मशीनवर असली की नात दिवसभर त्यांच्या मांडीवर. वर्षभर ते खोकत होते, आणि दर वेळी "बाजूला व्हा, गाडी येतेय!" असं म्हणून स्वतःच हसत होते. घरालाही त्या हॉर्नची सवय झाली होती.

"चहाचा ठसका आहे तो!" आजोबा कडाडले. "तीस वर्षं गाडी चालवली, एक दिवस आजारी पडलो नाही. मी नाही कुठे यायचा!" आणि तरातरा अंगणात निघून गेले.

सिस्टर त्यांच्या मागोमाग गेल्या. आजोबा पाठमोरे उभे होते. खांदे हलत होते, पण या वेळी खोकल्याने नव्हे.

"सिस्टर," ते हळूच म्हणाले, "तपासलं आणि निघालं तर? म्हणजे पोरीला मीच... ज्या पोरीसाठी मी जीव टाकतो, तिला मीच हे दिलं, हे मी कसं ऐकू?"

"आजोबा, तुमच्या बसमध्ये कधी ब्रेकचा आवाज यायचा का?"

"यायचा की."

"मग काय करायचात? कानात बोळे घालून गाडी दामटायचात?"

"छे! भरल्या गाडीची जबाबदारी असते. आधी डेपोत लावायचो."

"ब्रेक झिजले, यात चालकाचा काय दोष? पण आवाज ऐकूनही गाडी हाकली, तर दोष त्याचाच. आजार झाला हा तुमचा गुन्हा नाही, आजोबा. तो तुम्हालाही कोणाकडून तरी मिळालाच असेल. आता तो लपवायचा की नाही, हे मात्र तुमच्या हातात आहे. आणि तुम्ही बरे झाला नाहीत, तर सहा महिन्यांचं औषध घेऊन बरी झालेली नात पुन्हा त्याच मांडीवर येऊन बसेल."

आजोबांनी डोळे पुसले. टोपी सरळ केली. "चला. गाडी डेपोत लावू!"

त्यांच्या थुंकीत जंतू सापडले. भिंगरीचे आई-वडील निरोगी निघाले; खबरदारी म्हणून त्यांनाही गोळ्या मिळाल्या. आणि मग त्या घरात सुरू झाली औषधांची शर्यत. सुरुवातीचे काही आठवडे आजोबांचा मुक्काम हवेशीर ओसरीवर, तोंडाला मास्क. सकाळी खिडकीच्या आत भिंगरी पाण्यात विरघळणाऱ्या, फळाच्या चवीच्या गोळ्यांचा पेला घेऊन उभी, आणि बाहेर आजोबा मूठभर गोळ्या घेऊन.

"एक, दोन, तीन!"

"मी जिंकले! तुमच्या गोळ्यांना चव पण नाही!"

शर्यतीच्या पहिल्याच आठवड्यात वडिलांनी अंधाऱ्या मोरीत दिवा बसवला आणि भिंगरी तिथून किंचाळत बाहेर आली. "आई! माझी शू नारिंगी झाली!" तोवर ओसरीवरून आजोबा गरजले, "माझी पण!" आई चप्पल न घालताच केंद्राकडे धावली. सिस्टर पोट धरून हसल्या. "अगं, सांगितलं होतं ना! औषधाचा रंग आहे तो. औषध पोटात गेल्याची पावती समज!" त्यानंतर आजोबा आणि नात रोज पावती मिळाल्याचं सगळ्या घराला मोठ्याने कळवू लागले. आईने कपाळावर हात मारला, पण किती दिवसांनी ती खळखळून हसली होती!

महिन्याभरात ताप गेला. भिंगरी ताट चाटून पुसून स्वच्छ करू लागली, बालवाडीतही जाऊ लागली. दोन महिन्यांनी वजन इतकं वाढलं की, औषध वजनावर ठरत असल्याने डॉक्टरांनी एक गोळी वाढवली. भिंगरी भडकली. "मी एवढं जेवले आणि बक्षीस म्हणून अजून एक गोळी?" डॉक्टरांनाही हसू आवरेना.

घरात असा आनंद होता. पण घराबाहेर अजून "साधा ताप"च होता.

एका दुपारी शेजारच्या काकू पडद्यांचं कापड घेऊन आल्या. बरोबर दोन वर्षांची नात, काकूंच्या खांद्यावर मान टाकून. "काय सांगू तुला, पंधरा दिवस झाले, हिचा ताप हटत नाही. खोकतेय, खात नाही. दात येत असतील म्हणून सोडून दिलंय. तुझ्या भिंगरीला असाच ताप होता ना? कशाने गेला गं?"

आईचा पाय मशीनवर थबकला. सांगावं, तर काकूंच्या तोंडून वस्तीभर होईल. समोरची कपड्यांची चळत उद्या लोक परत घेऊन जातील. न सांगावं, तर? त्या बाळाची मान पुन्हा एकदा खांद्यावर कलंडली.

"काकू, तो साधा ताप नव्हता." तिने हातातलं कापड बाजूला ठेवलं. "भिंगरीला क्षय झाला होता. आमच्या सासऱ्यांनाही आहे. दोघांचं औषध चालू आहे, दोघं बरी होतायत. मी तुमच्यापासून लपवलं, ते चुकलं माझं. पडदे राहू देत. उठा, आत्ताच्या आत्ता केंद्रात जाऊ!"

काकू पडद्याचं कापड तिथेच टाकून म्हणाल्या, "चल!"

बाळाला क्षय नव्हता. कान आतून पिकला होता आणि छातीत कफ साठला होता. औषधाने आठवड्यात उतार पडला. काकूंनी वस्तीभर बातमी केली, हे खरं. पण ती अशी, "अहो, शिवणवाल्या बाईने स्वतःची झाकली मूठ उघडून माझ्या नातीला दवाखान्यात नेलं!" दोन घरांनी कपडे परत नेले. बाकी सगळी घरं होती तशी राहिली. आणि तिसऱ्या गल्लीतली एक आई सुईदोऱ्याचं निमित्त काढून येऊन हळूच विचारून गेली, "आमच्या ह्यांचा खोकला महिनाभर आहे. कुठे तपासतात?"

सहा महिने पुरे झाले. आधी भिंगरीचं, मग दहा दिवसांनी आजोबांचं औषध थांबलं. लसीकरणाच्या दिवशी सिस्टरनी भिंगरीच्या आईला केंद्रात बोलावलं आणि पन्नास आयांसमोर उभं केलं. मशीनवर बसून गप्पा मारणारी, पण सभेत कधीच न बोललेली ती बाई आधी पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मी आजाराला घाबरले नव्हते, लोकांना घाबरले होते. बायांनो, मोठ्यांनी खोकला लपवला की तो घरातल्या सगळ्यात लहान जिवाला गाठतो. मूल वाढत नसेल, दोन आठवडे ताप-खोकला असेल, तर तपासा. तपासण्यात लाज कसली? आणि औषध मध्येच सोडू नका. एवढंच."

टाळ्या वाजल्या. सर्वांत मोठी टाळी मागच्या बाकावरून आली. तिथे आजोबा खांद्यावर भिंगरीला घेऊन उभे होते.

वाचकहो, आपल्याही घरात, शेजारात, कार्यालयात कोणीतरी खोकतंय आणि हसण्यावारी नेतंय. त्याला नावं ठेवू नका, दूर लोटू नका. त्याचा हात धरून त्याला तपासणीला न्या. औषध सरकार देतं; पण रोग्याला दवाखान्याच्या दारापर्यंत नेणारा धीर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, म्हणजे तुम्हीआम्हीच द्यायचा असतो!