मखाण्याचं जावळ

पुष्पलतेनं मला नंदनवनहून मनीषनगरला बोलावलं ते कुत्र्याचा मामा व्हायला! सख्ख्या बहिणीनं भावाची किती शोभा करावी, याला काही मर्यादा?

मखाणा हा तिचा पांढरा, झुपकेदार, एवढुसा कुत्रा. फोनवर म्हणाली, "येत्या रविवारी त्याचं जावळ हाय गा दादा. पहिले केस मामाच्या मांडीवर बसवूनच काढतेत ना? पन्नास लोकाईले सांगून ठेवलं."

पन्नास! माझ्या पोरीच्या बारशाला एवढे नव्हते.

तयारीला हातभार म्हणून बुधवारीच, तोंड वाकडं करून गेलो. मखाणा धावत आला तो दाराच्या चौकटीवर आपटला. हे पाहून माझं डोकंच फिरलं, कारण मी तीस वर्षं रामदासपेठेत डोळ्यांच्या दवाखान्यात पट्ट्या बदलल्या आहेत. त्याला उचललं, कपाळावरची झुलपं वर केली. उजव्या डोळ्याभोवती चिपडं वाळून केसांचा गठ्ठा झालेला, टोकं सरळ बुबुळावर घासत होती. डोळा लालभडक.

"पुष्पे, हे काय करून ठेवलं वं?"

"जावळाच्या आधी कात्री लावत नाही, दादा. अपशकुन होते. चारच दिवस तर राहिले."

"चार दिवसांत डोळा जाईन त्याचा! मुहूर्त डोळ्याहून मोठा झाला काय?"

"मंग लोक काय म्हणतीन?"

"म्हणू दे! बोथट टोकाची कात्री आण, बारीक फणी, कापूस अन् उकळून कोमट केलेलं पाणी. अन् त्याची हनुवटी तू धर."

रडत रडत का होईना, तिनं धरली. आधी ओल्या कापसानं चिपडं भिजू दिली, कारण कोरडी ओढली की कातडी सोलते. मग फणीनं एकेक बट डोळ्यापासून दूर उचलायची आणि थोडी थोडी कापायची. कात्रीचं टोक नाकाकडे, डोळ्याकडे कधीच नाही. मखाणा हलला की मी हात थांबवायचो, पुष्पलतेवर खेकसायचो आणि पुन्हा सुरू करायचो.

अर्ध्या तासानं चेहरा मोकळा झाला. त्यानं दोनदा डोळे मिचकावले आणि मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"दादा, याचे डोळे भुरे हायेत गा," ती हळूच म्हणाली.

अकरा महिने कुत्रं घरात, आणि बाईला डोळ्यांचा रंग आज कळला! पार जिभेवर आलं होतं. पण नुसतं म्हणालो, "चप्पल घाल. याले आत्ताच डॉक्टरकडे नेऊ."

कारण दिवाळीत हाच मखाणा तासभर माझ्याजवळ झोपला होता. "काय गोड झुलपं आहेत" म्हणत मीच ती हातानं विंचरून त्याच्या डोळ्यांवर नीट पसरली होती.