गुरुवारचा फळा

मी फळा बोलतोय, आणि रागात बोलतोय. गोड बोलणं ऐकायचं असेल तर दुसरीकडे जा.

चाकणजवळच्या एका दोनखोली शाळेत, पाचवीच्या भिंतीवर माझा जन्म झाला. जन्म म्हणजे काय, गवंड्याने सिमेंटचा गुळगुळीत थर दिला आणि गावकऱ्यांनी वर काळा रंग फासला. जागा गावातल्या लक्ष्मणरावांनी त्यांच्या रानातून दिलेली. आता त्यांच्या उरलेल्या रानात कंपनीचं गोदाम आहे, पण शाळेचा तुकडा त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

रोज सकाळी माझ्या डाव्या कडेला वार, तारीख आणि पट लिहायचे. मुलं इतकी, मुली इतक्या. उरलेल्या अंगावर दिवसभर शिकवणं चालायचं. पोरं चुकायची, पुसायची, पुन्हा लिहायची. माझ्यापुढे चुकायची कुणाला लाज वाटली नाही, कारण पुसलेली चूक मी कधी कुणाला दाखवली नाही.

दोन वर्षांपूर्वी दारावर कापडी फलक लागला. ‘जागतिक दर्जाचं शिक्षण आता आपल्या गावात.’ एका मोठ्या परदेशी कंपनीने भलामोठा टीव्हीसारखा पडदा दिला होता. आमचे मुख्याध्यापक ज्योतीराम गुरुजी हात जोडून म्हणाले, “साहेब, बाजूच्या भिंतीवर बसवा. फळा राहू द्या.”

कंपनीचा माणूस म्हणाला, “सर, फोटोत मधोमध यायला पाहिजे ना.”

झालं. माझ्या छातीत चार भोकं पाडली, चार बोल्ट ठोकले आणि मला झाकून टाकलं. डाव्या कडेची वीतभर पट्टी तेवढी उघडी राहिली, वार आणि पट लिहिण्यापुरती.

मला पडद्याचा राग नाही हो. राग आहे तो त्यात काय भरलंय त्याचा. लहान मुलांना घरच्या भाषेत शिकवा, असं सरकारी धोरणात लिहिलंय. पाचवीला शिकवणाऱ्या वर्षालीबाईंनी ते गुरुजींना याच वर्गात वाचून दाखवलं होतं. आणि पडद्यातली बाई बोलते कोणती भाषा? सातासमुद्रापलीकडची इंग्रजी, तीही घाईघाईत. तिच्या गणितातली मुलं दारातला बर्फ फावड्याने काढतात. किती फूट बर्फ उरला, सांगा. आमच्या पोरांनी बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर.

आता कशफचं सांगतो. तळेगाव रस्त्यावर इकबालभाईंचं गॅरेज आहे, त्यांची ही मुलगी. शाळा सुटली की गॅरेजात बसून बापाला पाने काढून द्यायची. गॅरेजात इंचाचे आठ भाग करतात, एका भागाला सूत म्हणतात. तीन सुती पाना, चार सुती पाना. पोरीला नुसत्या नजरेने कळायचं. तिसरीत असताना एकदा बाई आल्या नव्हत्या, तर हिने या वर्गात येऊन माझ्यावर मोठ्या पोरांना अपूर्णांक शिकवला होता.

तीच कशफ पाचवीत येऊन मुकी झाली. पडदा दर आठवड्याला परीक्षा घेतो. इंग्रजी प्रश्न, वीस सेकंद, आणि उत्तर नाही आलं की नाव लाल. सगळ्या वर्गासमोर लाल. तीन महिने कशफचं नाव लालच होतं. मग कंपनीचं फर्मान आलं, लाल मुलांना तिसरीचा अभ्यास द्या, तशी यादी पाठवा. इकबालभाईंनी वर्षालीबाईंना फोनवर सांगून टाकलं, “बाई, मी तिचं नाव काढतो. घरी बसली तरी चालेल, पण रोज मान खाली घालून येणार नाही.” त्यासाठी ते गुरुवारी येणार होते.

आणि त्याच गुरुवारी कंपनीचे पाहुणे पडदा बघायला आले. आमच्या पट्ट्यात गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून तारांची कामंही गुरुवारीच निघतात आणि सकाळपासून लाईट जाते. इथं शेंबड्या पोराला हे माहीत आहे. जगाचं ज्ञान वाटणाऱ्यांना नव्हतं. खिचडी शिजवणाऱ्या छबूबाई दारातून म्हणाल्या, “आज बेस्तरवार हाय. लाईट न्हाई. ह्यांला ठावं न्हाई व्हय?”

पडदा काळाठिक्कर. पाहुण्यांतल्या अंजली मॅडम अवघडल्या आणि नाइलाजाने मराठीत बोलल्या. “बरं मुलांनो, तीन छेद आठ मोठं की एक छेद दोन?”

कशफ उठली. खडू घेतला आणि त्या वीतभर पट्टीवर, पटाच्या खाली, एक रेघ ओढून तिचे आठ भाग केले. “एक छेद दोन मोठं. इंचाचे सूत आठ. अर्धा म्हणजे चार सूत. हे तर तीनच.”

वर्षालीबाई पुढे आल्या. “तुला हे येत होतं?”

“आधीपासून येतं, बाई. ती पडद्यातली काय विचारते तेच कळत नव्हतं.”

मॅडम “व्हेरी गुड” म्हणाल्या. पोरांना विझलेल्या पडद्यापुढे उभं करून फोटो काढला. कशफची रेघ फोटोत आली नाही. निघताना त्यांनी आठवण करून दिली, “लाईट आली की लाल यादी पाठवा.”

इकबालभाई नाव काढायचा अर्ज घेऊन दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. अर्ज चार घड्या करून खिशात घातला आणि पडद्याकडे बोट करून विचारलं, “गुरुजी, हे इथंच पाहिजे का?”

गुरुजींनी मोकळ्या भिंतीकडे बघितलं. वर्षालीबाई म्हणाल्या, “बाजूच्या भिंतीवर चाललं असतं.”

इकबालभाईंनी गाडीतून पेटी आणली. “कशफ, पाना कुठला?”

तिने बोल्टकडे बघितलं. “चार सुती, अब्बा.”

पडदा उतरला. छबूबाईंनी तो कपड्यात नीट गुंडाळून कोपऱ्यात ठेवला. आज शुक्रवार. मी दोन वर्षांनी उघडा आहे. छातीतल्या भोकांवर खडू अडखळतो, पण बाईंनी आज मला या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून काढलं, आणि कशफ तीनदा उठून बोलली.

दुपारी कंपनीचा फोन आला. सोमवारी माणसं येऊन पडदा पुन्हा मधोमध बसवणार. गुरुजींकडून लेखी खुलासा मागितलाय. पडद्याची वायर प्लगमध्येच राहिली होती, लाईट आली तशी यादी आपोआप गेली, कशफच्या नावासकट. ते पुसायची त्यात सोयच नाही म्हणे.

तर सोमवारी येणाऱ्यांनो, ऐका. बाजूची भिंत अख्खी मोकळी आहे, तिथं तुमचं जग खुशाल टांगा. पण पुन्हा माझ्याच छातीवर यायचं असेल, तर त्या बोल्टांना कितीचा पाना लागतो ते आधी पाचवीतल्या कशफला विचारा. आणि मराठीत विचारा.