सुनंदाबाईंचा पासवर्ड

१९९३ साली जळगावच्या एका सरकारी कचेरीत कॉम्प्युटर आला आणि त्याच्यामागोमाग लीलाधर आला. कॉम्प्युटरला गार हवेची खोली मिळाली, लीलाधरला तिच्या दाराशी एक खुर्ची. जिल्ह्यातल्या रेशनकार्डांची यादी त्या मशीनमध्ये होती. ती कोणी नुसती वाचायची, कोणी बदलायची हे ठरवणं आणि प्रत्येकाला खातं उघडून पासवर्ड लावायला शिकवणं, हे लीलाधरचं काम. "सरकारच्या किल्ल्या माझ्या पोराकडे असतात," असं त्याची आई मुक्ताईनगरात चारचौघींना सांगे, आणि त्यात तिळभर खोटं नव्हतं.

पुण्याची नोकरी सोडून तो परत आला होता. संध्याकाळच्या एसटीनं घर गाठायचं, केळीच्या बागेत एक चक्कर मारायची, आईच्या हातची कळण्याची भाकरी खायची. याहून जास्त त्याला काही नको होतं. गडी सुखात होता. काळजी म्हणाल तर एकच, कचेरीतल्या माणसांची.

या मंडळींना पासवर्ड लपवायला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. गावाला जाताना घराची किल्ली शेजारी देऊन जाणारी ही माणसं. दिली नाही तर शेजारी वर्षभर बोलत नाही. हेडक्लार्क तोतारामनानांनी आपला पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर, गॅसच्या नंबराखाली, ठळक लिहून ठेवला होता. टायपिस्ट छगनला तर सगळ्यांचेच पाठ होते. "एखादा रजेवर गेला तर काम अडायला नको," असं तो वर लीलाधरलाच समजावी.

म्हणून यादी बदलायचा अधिकार लीलाधरनं एकट्या सुनंदाबाईंना दिला होता. बाकीच्यांनी नुसतं वाचायचं. सुनंदाबाईंच्या रजिस्टरात वीस वर्षांत खाडाखोड सापडली नव्हती. त्यावरून नाना आठवडाभर फुगून बसले, पण लीलाधर बधला नाही.

मे महिन्यात नाशिकहून बर्वेसाहेब तपासणीला आले. दारात बूट काढून मोज्यांवर गार खोलीत शिरले आणि बसता बसता म्हणाले, "हे मशीन धुळ्याच्या कचेरीनं मागितलंय. बदलायचा अधिकार असलेलं खातं आज मला उघडता आलं, तर मशीन धुळ्याला जाईल. आणि त्याच्यामागे तुम्हीही."

लीलाधरनं मनातल्या मनात एसटीचा हिशोब केला. धुळं काही वाईट गाव नाही, पण तिथून मुक्ताईनगरला रोज संध्याकाळी परत येता येत नाही.

साहेबांची तपासायची रीत साधी होती. ज्याला त्याला बोलवायचं आणि सरळ विचारायचं. "नाना, तुमचा पासवर्ड काय?" नानांनी तो सांगितला, वर इंग्रजी अक्षरंही एकेक करून सांगितली. छगननं स्वतःचा सांगून, "आणखी कोणाचा हवाय का, साहेब?" असंही विचारलं. एवढा मोठा माणूस नाशिकहून येऊन विचारतो, त्याला नाही कसं म्हणायचं? लीलाधरला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण मशीनसकट आत जावं.

मग सुनंदाबाईंची पाळी आली. साहेबांनी विचारलं तशी त्यांनी मान खाली घातली.

"साहेब, ते मी तोंडानं घेत नाही."

"बरं, कागदावर लिहून द्या."

"कागदावर लिहायचं नाही असं लीलाधरभाऊंनी सांगितलंय."

लीलाधरला हायसं वाटलं, पण घटकाभरच. साहेब हसत होते. तेही याच मुलखात वाढलेले. बायको तोंडानं कोणाचं नाव घेत नाही, हे काय त्यांना कोणी शिकवायला हवं? त्यांनी मस्टर मागवलं, त्यावर बोट फिरवलं आणि मोठ्यानं वाचलं, "सुनंदाबाई रतिलाल पाटील."

संपलं सगळं. कचेरीभर कोणालाही दिसेल अशा जागी ते नाव रोज लिहिलेलं होतं, आणि हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही, म्हणून लीलाधर स्वतःवरच चिडला. साहेबांनी रतिलाल टाइप केलं. मशीन नाही म्हणालं. आडनाव जोडून टाकलं. नाही. मागे भाऊ लावून पाहिलं. मशीननं एकदा टुकटुक केलं आणि खातं बंद करून टाकलं. तीनदा चुकलं की बंद, हा नियम लीलाधरनंच घातला होता.

"बाई पक्क्या आहेत," साहेब म्हणाले. "राहू द्या मशीन इथंच. पण त्या नानांना जरा सुधारा."

लीलाधरला आनंदानं रडू यायचं तेवढं बाकी होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं खातं पुन्हा सुरू करून दिलं. रतिलाल नाही तर मग काय, हे कोडं त्याला आठ दिवस छळत होतं, पण विचारलं नाही. विचारायचं नाही हा नियमही त्याचाच.

नवव्या दिवशी सुनंदाबाईंचा नवरा डबा द्यायला आला. दीपनगरच्या वीजकेंद्रात पाळीवर जाणारा शांत माणूस. त्याची आई धुळ्याकडच्या खेड्यातून डोळे दाखवायला आली होती, ती फाटकाबाहेर रिक्षात बसून होती. मुलाला वेळ लागला तशी म्हातारीनं तिथूनच हाक घातली.

"भटू, डबा दिन्हा का रे? चाल, ऊन भलतं शे!"

लीलाधर खुर्चीत ताठ झाला. रतिलाल हे शाळेत लावलेलं नाव. घरात, भावकीत, अख्ख्या गावात हा माणूस भटू होता.

नवरा गेल्यावर लीलाधर सुनंदाबाईंच्या टेबलाशी गेला.

"पासवर्ड आजच्या आज बदला."

त्या चपापल्या. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगितलं कोणी नाही. सासूबाईंनी फाटकातून हाक मारली."

सुनंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू आवरल्यावर उठल्या, दारात चपला काढून गार खोलीत गेल्या. लीलाधर पाठ करून उभा राहिला. मागे बटणं वाजली, सावकाश, एकेक.

"झालं, भाऊ."

"हा तरी पक्का आहे ना? उद्या दुसरं कोणी येऊन हाक मारायचं."

"नाही मारणार." सुनंदाबाई चपला घालत होत्या, मान वर केली नाही. "हे नाव सासूबाईंनाही माहीत नाही. घरात कोणी नसलं म्हणजे मीच तेवढी म्हणते."