एकोणीस गावांचं पाणी

वाल्मीकने पाटाच्या भरावाच्या पायथ्याशी उकिडवं बसून ओंजळीत पाणी घेतलं आणि उन्हाकडे धरलं. पाणी गढूळ होतं. त्याने ओंजळ सोडली, पुन्हा भरली, पुन्हा पाहिली.

मागे संतोष उभा होता. त्याची द्राक्षबाग पाटाला अगदी लागून. सकाळी बागेत शिरताना त्याच्या चपला चिखलात रुतल्या, म्हणून त्याने पाटकऱ्याला फोन केला होता.

"काय वाटतंय, नाना?" त्याने विचारलं.

वाल्मीकने भरावातून निघणाऱ्या धारेकडे पाहिलं. एकतीस वर्षं तो या पाटावर पाटकरी होता. पाट म्हटला की भरावातून पाणी झिरपायचंच, त्यात नवल नाही. पण झिरपणारं पाणी निवळ असतं. ते गढूळ आलं, म्हणजे भरावाच्या पोटातली माती त्याच्याबरोबर निघाली. खेकड्याने नाहीतर घुशीने आत बीळ केलं असणार. आता धार मनगटाएवढी होती. दुपारपर्यंत ती मांडीएवढी होईल, मग भराव बसेल, आणि पाट संतोषच्या बागेतून वाट काढून नाल्याला जाईल.

"फुटणार," तो म्हणाला. "आजच फुटंल."

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. धरणात पिण्यासाठी राखलेलं पाणी वगळता, शेतीसाठी सुटणारं हे शेवटचं आवर्तन. इथून खाली बावीस किलोमीटर पाट होता आणि त्यावर एकोणीस गावं. उन्हाळी कांदा पोसायला लागला होता. त्याला ही एक पाळी मिळाली तर कांदा, नाहीतर गोट्या.

वाल्मीकने तेजस्विनी मॅडमना फोन लावला. त्या शाखा अभियंता होत्या, दोन वर्षांपूर्वीच नोकरीला लागलेल्या, आणि त्या वेळी नाशिक रोडहून निघालेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि धरणाचं गेट बंद करायला सांगते म्हणाल्या. मातीकामाचं मशीन यायला तीन तास लागतील, तोवर जोखीम नको. वाल्मीकने सांगितलं की वर गेट आत्ता बंद केलं तरी पाटातलं पाणी उतरायला पाच तास लागतील, तोवर फुटायचं ते फुटेलच. आणि नाही फुटलं, तरी बंद झालेलं आवर्तन परत सुटणार नाही.

"म्यॅडम, अकरा वाजेपर्यंत मला द्या," तो म्हणाला. त्याने नोकरीत वरिष्ठांकडे वेळ मागण्याची ही पहिलीच वेळ होती.

मग त्या म्हणाल्या, गेट निम्मं खाली करते, पूर्ण नाही. अकरापर्यंत धारेचं पाणी निवळलं नाही तर मात्र बंद.

तेव्हा सव्वानऊ झाले होते.

संतोषने बागेत द्राक्ष तोडायला आलेल्या बायांना हाक मारली. पेठ तालुक्याकडच्या बारा जणी होत्या आणि त्यांची मुकादम नवसाबाई. संतोषने गावातल्या दोन-तीन ग्रुपवर निरोप टाकला, की चिंचोऱ्याच्या पुलाजवळ पाट फुटतोय, गोण्या आणि फावडी घेऊन या. वाल्मीकला वाटलं, आजूबाजूच्या मळ्यांतले दहा-पंधरा शेतकरी येतील. तेवढ्यावर भागायचं नाही, पण नसण्यापेक्षा बरं.

लोकांचा आणि त्याचा संबंध तसा ओरडण्यापुरताच होता. गेट बंद केलं की वरचे ओरडत, उशिरा उघडलं की खालचे. त्याला नावाने ओळखणारी माणसं थोडी होती; बाकीच्यांना तो नुसता पाटकरी. पूजा, त्याची मुलगी, सासरी सांगायची, पप्पा इरिगेशनला आहेत. त्याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यालाही कधी वाटलं नव्हतं. सकाळी मोटारसायकलवरून पाटाकडेने जायचं, गेटचं चाक फिरवायचं, पाटातून रानांकडे जाणाऱ्या चारीला पाणी सोडायचं, परत यायचं. मे महिन्यात तो निवृत्त होणार होता.

आधी आले ते शेतकरीच. तीन ट्रॅक्टर आले, भरावाखाली उभे राहिले. मग पुलाकडून मोटारसायकली यायला लागल्या. कृषी केंद्रवाल्याने रिकाम्या गोण्यांचा गठ्ठा आणला. त्याच्या मागे चहाचं हॉटेल चालवणारा, मग गॅरेजवाला, भांड्याच्या दुकानातले दोघे भाऊ. हायस्कूलचे दोन मास्तर आले. ब्यूटी पार्लर चालवणारी पायल स्कूटीवर पुढे दोन घमेली ठेवून आली. सिन्नरची एसटी पुलावर थांबली, आणि ती का थांबली हे वाल्मीकला कळायच्या आत कंडक्टर गळ्यातली बॅग ड्रायव्हरकडे देऊन खाली उतरला. त्याच्या मागून निम्मी बस उतरली.

वाल्मीक भरावावर उभा राहून पाहत राहिला. ज्यांच्या नावावर पाटाखाली एक गुंठाही नाही अशी किती माणसं आली होती, हे त्याला दिसत होतं आणि त्याचा अर्थ लागत नव्हता. ज्ञानेश टेलर त्याच्या जवळून गोणी ओढत चालला होता, गळ्यात मोजायची टेप तशीच. वाल्मीकने त्याला विचारलं, तुझं रान कुठंय रे या पाटावर?

"रान कुठलं, नाना," ज्ञानेश न थांबता म्हणाला. "कांदा निघाला का लोकं कापडं शिवाया येतात. नाय निघाला तर मागची उसवून वापरतात. मी बसून ऱ्हातो."

तो पुढे गेला. वाल्मीकने एकदा सगळीकडे नजर फिरवली. भांडी, चहा, पंक्चर, शाळेची फी, एसटीची सीट, लग्नातला मेकअप. आजवर त्याने चाऱ्यांचे नंबर पाठ केले होते, एक ते तेवीस. पाणी चारीतून रानात गेलं की त्याचं काम संपायचं. रानातून ते आणखी कुठे कुठे जातं, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. आज ते सगळं चपला काढून चिखलात उतरलं होतं.

पण उभं राहायला वेळ नव्हता. गोण्या होत्या, माणसं होती, माती नव्हती. पाटाच्या पलीकडे नुसता खडक. भरावाची माती काढणं म्हणजे पाट आपणच फोडणं. लांबून ट्रॉल्या भरून आणायला तास गेला असता. जवळची काळी माती एकाच ठिकाणी होती आणि तिच्यावर द्राक्षं लटकत होती.

वाल्मीक संतोषकडे पाहू शकला नाही. परवा तिथला माल परदेशी जाणार होता. बारा वर्षांच्या वेली होत्या.

संतोषने स्वतःच बागेकडे पाहिलं, मग धारेकडे पाहिलं.

"किती वळी लागतील?" त्याने विचारलं.

"चार."

संतोष गेला, पकड घेऊन आला आणि मांडवाची पहिली तार त्याने स्वतः तोडली. ताणलेली तार सणकन मागे गेली. वेली एकदम खाली बसल्या. नवसाबाई पुढे आली. तिने तिच्या बायांना त्यांच्या बोलीत काही सांगितलं, आणि ट्रॅक्टर आत शिरायच्या आधी त्या बाराजणी त्या चार ओळींवर तुटून पडल्या. पाच मिनिटांत हाताला लागतील तेवढे घड त्यांनी क्रेटमध्ये ठेवले. घाईतही कुणी घड फेकला नाही. मग ट्रॅक्टरचं पातं जमिनीत गेलं आणि वेली मुळासकट वर आल्या. संतोष पाठ फिरवून गोण्यांची तोंडं बांधायला लागला.

बिळाचं तोंड पाटात पाण्याखाली कुठेतरी होतं. वाल्मीकने एका गोठ्यातून पोतंभर भुसा मागवला आणि पाण्यावर उधळला. भुसा तरंगत चालला. सगळे काठावरून बघत होते. धारेच्या वरच्या बाजूला, काठापासून हातभर अंतरावर, भुशातल्या काही काड्या थबकल्या, गोल फिरल्या आणि खाली गेल्या.

त्याने शर्ट काढला. मास्तरांनी त्याला वयाची आठवण करून दिली, एखादा तरुण उतरेल म्हणाले. वाल्मीक म्हणाला, पायाला जे कळायला पाहिजे ते तरण्या पायाला कळणार नाही. कमरेला दोर बांधून तो उतरला. दोर ज्ञानेशने, कंडक्टरने आणि दोन्ही मास्तरांनी धरला होता. पाणी छातीपर्यंत आलं, गारठ्याने श्वास अडकला. तो पायाने काठ चाचपत सरकत राहिला आणि एका जागी पाण्याने त्याचा पाय ओढला. लहान मूल बोट धरून ओढतं, तेवढ्याच जोराने. एवढंसं तोंड होतं ते. कांद्याएवढं म्हटलं तरी चालेल. एकोणीस गावं त्यातून वाहून चालली होती.

त्याने पेंढ्याचा बोळा पायाने आत दाबला, मग दुसरा. वरून ताडपत्री सोडली गेली. तिचं टोक त्याने बुडी मारून काठाला चिकटवलं आणि पाण्याच्या ओढीने ती आपोआप बसली. मग गोण्या यायला लागल्या. भरावावर दोन रांगा झाल्या होत्या. पायलच्या हातून गोणी कृषी केंद्रवाल्याकडे, त्याच्याकडून एसटीतल्या कुण्या अनोळखी म्हाताऱ्याकडे, त्याच्याकडून नवसाबाईकडे, आणि तिच्याकडून पाण्यात, वाल्मीकच्या हातात. कुणी कुणाला नाव विचारत नव्हतं. खाली पायथ्याशी दुसरी माणसं धारेभोवती गोण्यांचं कडं रचत होती.

हॉटेलवाल्याने एक काम स्वतःहून घेतलं होतं. तो चहाच्या काचेच्या ग्लासात धारेचं पाणी धरायचा आणि उंच करून सगळ्यांना दाखवायचा. पहिला ग्लास चहासारखाच दिसत होता. चौथा थोडा पातळ. मग बराच वेळ तसाच. तेजस्विनी मॅडम येऊन पोचल्या होत्या. हातात फोन होता आणि त्या ग्लासाकडे पाहत होत्या. अकराला सात मिनिटं असताना हॉटेलवाल्याने ग्लास वर केला, तेव्हा त्यातून त्याची बोटं दिसली.

मग मॅडमनी फोन लावला आणि वर धरणावर सांगितलं, गेट पूर्ववत करा.

वाल्मीकला वर ओढून घेतलं, तेव्हा त्याचे दात वाजत होते. नवसाबाईने अंगावरची शाल त्याला दिली. एसटीने हॉर्न दिला, तशी माणसं चिखलाच्या पायांनी बसमध्ये चढली. दुकानं उघडायची होती, शाळा भरली होती. अर्ध्या तासात भरावावर संतोष, बाया आणि मॅडम राहिल्या. मॅडम म्हणाल्या, नाना, घरी जा, खालचं गेट कुणाला तरी उघडायला सांगते. वाल्मीकने शर्ट घातला आणि म्हणाला, तेवढं करूनच जातो.

जाण्याआधी तो संतोषजवळ थांबला. संतोष उपटलेल्या ओळींच्या कडेला बसून तुटलेल्या तारेची गुंडाळी करत होता.

"पुढच्या सालाला लावू परत," संतोष म्हणाला. "पानी असल्यावर काय."

तेवीस नंबरची चारी पाटाच्या अगदी टोकाला, ढेकूवाडीत. मधल्या गेटांवर थांबत थांबत वाल्मीक तिथे पोचला, तेव्हा ऊन कलायला आलं होतं. बांधावर सगुणाबाई बसली होती. सत्तरीची बाई, दीड एकर कांदा, खोरं मांडीवर आडवं. ती सकाळपासून तिथे बसलेली असावी. वरच्या अंगाला काय झालं याचा इथे कुणालाच पत्ता नव्हता.

"पाटकरी, लय येळ केला आज," ती म्हणाली. "वाफे तोंड वासून बसलेत."

वाल्मीकच्या नखांत अजून काळी माती होती. त्याने चाकाला चावी बसवली.

"हो मावशी," तो म्हणाला. "जरा उशीर झाला."

चाक कुरकुरत फिरलं. कोरड्या चारीत आधी फेस आला, त्यात अडकलेला भुसा आला, मग पाणी. मुंग्या घाईने बांधावर चढल्या. सगुणाबाई कमरेला पदर खोचून उठली, पाण्याच्या पुढे पुढे चालत गेली आणि पहिल्या वाफ्याचं तोंड तिने खोऱ्याने उघडलं. पाणी क्षणभर थांबल्यासारखं झालं, मग आत वळलं. पहिला वाफा भरला. दुसरा भरायला लागला. वाल्मीक गेटजवळ उभा होता. त्याचं इथलं काम खरं तर झालं होतं, पण शेवटचा वाफा भरेपर्यंत तो तिथून हलला नाही.